गोड भाजलेलं कोहळं: गोवऱ्यांच्या आरात, कढईत नाहीतर ओव्हनमध्ये

कोहळ्याची बोंडं (कणकेतली गोड भजी) आपल्याकडे सगळ्यांनाच येतात, पित्तरांच्या दिवसांत भाजीपण होते, पण कोहळं नुसतं आगीत भाजून त्याला गूळतूप लावून ताटात तोंडी लावायला वाढायचं हे आता फार कमी घरी उरलंय. आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजारच्या बाजूला. इथे दसऱ्यापासून वावरात रोडग्यांची (गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या जाड गोळ्यांची) जेवणं सुरू झाली की त्याच आरात, म्हणजे निखाऱ्यांत, एक कोहळं जायचंच. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे माहीत नव्हतं, माझ्या माहेरी कोहळं एकतर फोडणीत पडायचं नाहीतर कुकरात. इथे सासूबाईंनी शिकवलं, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेली एक गोष्ट मी आजपर्यंत धरून आहे, "पानी घालू नोको वं, त्याचंच पानी त्याले पुरते."

आता कोहळं म्हणजे कोणतं ते आधी सांगते कारण पुण्यामुंबईकडचं कोणी वाचत असेल तर गडबड होईल. तिकडे कोहळा म्हणजे पांढऱ्या गराचा, पेठा करतात तो. आपल्याकडे कोहळं म्हणजे पिवळ्या-केशरी गराचं, ज्याला तिकडे लाल भोपळा म्हणतात, कुठे डांगर म्हणतात, कुठे गंगाफळ. मी ह्या केशरी गराच्याच कोहळ्याबद्दल बोलतेय. पांढरं कोहळं असं भाजून काही उपयोग नाही, त्यात नुसतं पाणी.

पाण्याचं म्हणाल तर ह्या केशरी कोहळ्यातसुद्धा कमी नाही, १ किलो गर घेतला तर त्यातलं ९०० ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं. म्हणून कुकरात शिट्ट्या घेतल्या की त्याचा लगदा होतो आणि गोडी त्या पाण्यात उतरून जाते, मग आपण म्हणतो कोहळं बेचव निघालं आणि वरून गूळ ओतत राहतो. भाजताना उलटं होतं. पाणी वाफ होऊन निघून जातं, गोडी आत राहते, घट्ट होते, आणि कडांना तो तपकिरी रंग येतो ना त्यात खरी चव आहे. तो रंग ओल्यात येत नाही. जोवर फोडीवर पाणी आहे तोवर ती १०० डिग्रीच्या वर तापतच नाही आणि साखर करपून खमंग व्हायला त्याच्या बरंच वर जावं लागतं. म्हणजे काय तर आधी पाणी जाऊ द्यायचं, मग रंग, आणि गूळ सगळ्यात शेवटी.

कोहळं निवडणं ह्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण अर्धं काम तिथेच होतं. कोवळं कोहळं भाजायला घेऊ नका, ते भाजीला चांगलं. भाजायला पाहिजे जुनं झालेलं, पिकलेलं. देठ बघा, हिरवा आणि रसरशीत असेल तर अजून व्हायचंय, देठ वाळून लाकडासारखा झालेला पाहिजे. सालीवर अंगठ्याचं नख दाबून बघा, नख रुतलं की कोवळं, नख घसरलं की झालेलं. ज्या बाजूनं ते जमिनीवर टेकून पडलेलं असतं तिथे एक डाग असतो, तो पांढरट असेल तर लवकर तोडलंय, पिवळा-भगवट झाला असेल तर वेलावर नीट पिकलंय. हातात घेतलं की आकाराच्या मानानं जड लागलं पाहिजे. बाजारात कापलेली फोड घेणार असाल तर गर गडद केशरी बघा, फिक्कट पिवळा गर म्हणजे गोडी कमी, आणि बियांजवळचे तंतू ओले गचगचीत दिसले तर ते कापून दोन दिवस झालेत, सोडून द्या.

पण नुसतं पिकलेलं असून भागत नाही, ते काही दिवस ठेवायला पाहिजे. ही गोष्ट लोकांना पटत नाही, ताजं म्हणजे चांगलं असं डोक्यात बसलेलं असतं. कोहळ्याचं तसं नाही. तोडल्यावर आतला स्टार्च हळूहळू साखरेत बदलत राहतो आणि महिन्याभरानं तेच कोहळं बरंच गोड लागतं. आम्ही कोहळं तोडताना देठ चांगला दोन बोटं ठेवून तोडतो (देठ उपटला गेला तर तिथूनच सडायला लागतं, असं कोहळं आधी वापरून टाकायचं), मग आठ-दहा दिवस ओसरीत हवेशीर ठेवतो, ऑक्टोबरच्या गरमीत साल अजून टणक होते, सालीला काही ओरखडे गेले असतील तर ते वाळून बंद होतात. धुवायचं नाही, कोरड्या फडक्यानं पुसायचं. मग आतल्या खोलीत कुटारावर (वाळल्या भुश्यावर) नाहीतर बाजेवर एकमेकांना टेकणार नाही असं मांडून ठेवायचं, आणि आठवड्यातून एकदा उलटून बघायचं कुठे मऊ पडलंय का. फ्रिजमध्ये अख्खं कोहळं ठेवू नका, १० डिग्रीच्या खालची थंडी त्याला मानवत नाही, आतून खराब होतं. असं ठेवलेलं कोहळं दोन-तीन महिने आरामात राहतं. फार महिने ठेवलं तर मात्र गर दोरेदार होतो, म्हणून संक्रांतीच्या आत संपवायचं हा आमचा हिशोब.

अमेरिकेत ह्याच कोहळ्याच्या भाऊबंदांना विंटर स्क्वॉश म्हणतात, नावावरून वाटेल की हिवाळ्यात येणारं पीक आहे, तर तसं नाही. येतं ते उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात, पण साल टणक असते म्हणून हिवाळाभर टिकतं, त्यावरून नाव पडलं. म्हणजे टिकवून खायचं हे तिथेही तेच. मुळात कोहळ्याचं सगळं कुळच अमेरिका खंडातलं, मेक्सिकोच्या ओआहाका भागातल्या एका गुहेत लागवड केलेल्या स्क्वॉशच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्यात. स्क्वॉश हा शब्दही तिथल्या नॅरागान्सेट ह्या मूळ रहिवासी लोकांच्या भाषेतून आलेला आहे. तिथले मूळ रहिवासी मका, शेंगवेल आणि कोहळं एकाच जागी लावायचे, मक्यावर शेंगवेल चढायची आणि कोहळ्याची मोठी पानं जमीन झाकून ओल धरून ठेवायची. आपल्याकडे धुऱ्यानं (बांधानं) ज्वारी-तुरीच्या कडेला कोहळ्याचा वेल सोडतात ते बघितलं की मला हेच आठवतं. आणि तिथे घरोघर करतात तो प्रकारही साधा आहे, एकॉर्न स्क्वॉश म्हणून एक छोटं, गडद हिरवं, खाचा असलेलं फळ असतं, ते उभं दोन भाग करून बिया काढतात, खड्ड्यात लोणी, ब्राऊन शुगर नाहीतर मेपलचा पाक घालतात आणि २०० डिग्रीच्या आसपास तासभर भाजतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्या जेवणात असं काहीतरी गोड भाजलेलं तिखटमिठाच्या पदार्थांसोबतच ताटात असतं, जेवण झाल्यावरची मिठाई म्हणून नाही. हे मला फार आवडलं कारण आपलंही तसंच आहे, हे तोंडी लावणंच आहे, ह्याला पक्वान्न करायला जाऊ नका.

आता फोडणं. टणक कोहळं पावशीवर (विळीवर) घ्यायला जाऊ नका, पावशीवरून सटकलं की हाताला लागतं. खाली पोतं नाहीतर ओला टॉवेल पसरा म्हणजे कोहळं फिरणार नाही, देठाच्या बाजूला कोयत्याचं टोक रुतवा आणि वरून लाकडाच्या ठोकळ्यानं हळूहळू ठोका, ते आपणहून चिरत जातं. आमच्या घरी अख्ख्या कोहळ्याला पहिला घाव बाईमाणसानं घालायचा नाही अशी पद्धत आहे, पहिला घाव मामाजी (माझे सासरे) घालायचे, आता घरातला कोणीही पोरगा घालतो, पुढचं सगळं आम्ही करतो. साल काढू नका. साल काढायला अर्धा तास जातो आणि भाजताना तीच साल गराला जळू देत नाही, खाताना चमच्यानं गर सुटून येतो.

एक फार महत्त्वाचं. फोडल्यावर कच्च्या गराचा नखाएवढा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर लगेच थुंकून टाका आणि ते अख्खं कोहळं फेकून द्या, जनावरालाही घालू नका. कोहळं, दुधी, काकडी ह्या सगळ्या वेलवर्गात कधीकधी कुकुर्बिटासिन नावाचं कडू विष तयार होतं, ते शिजवून किंवा भाजून जात नाही आणि गूळ घालून कडूपणा लपवला तर जास्तच धोका, उलट्या-जुलाब होऊन माणूस दवाखान्यात जाऊ शकतो. क्वचित निघतं असं, पण चाखायला दोन सेकंद लागतात तर चाखाच.

गोवऱ्यांच्या आरातलं कोहळं

हे खरं. रोडगे करणार असाल तर वेगळं काही पेटवायची गरजच नाही. ह्याला दीड-दोन किलोचं छोटं गोल कोहळं घ्या, त्याच्यापेक्षा मोठं आतपर्यंत भाजत नाही, बाहेरून कोळसा आणि आत कच्चं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का सूर्यमुखी म्हणून वाण आहे, त्याची फळं किलोभराचीच असतात, केशरी सालीवर पांढरे पट्टे, ती ह्या कामाला फारच छान. अर्का चंदन थोडं मोठं, दोन-तीन किलोचं, ते अर्धं करून भाजा. गावठी असेल तर वेलावरचं सगळ्यात छोटं निवडायचं.

देठाच्या बाजूनं टोपीसारखा गोल काप काढा, वाटीएवढा, आणि कोयता थोडा तिरका धरा म्हणजे झाकण परत बसवल्यावर आत पडणार नाही. चमच्यानं बिया आणि तंतू खरवडून काढा, बिया फेकू नका. आत बोटानं थोडं मीठ फिरवा, खरंच अगदी थोडं, दोन चिमट्या, मीठ नसेल तर गोडी उठत नाही. मग एक चमचा तूप आत सगळीकडे लावा. गूळ अजून नाही घालायचा! मी पहिल्या वर्षी उत्साहात गूळ आधीच भरला, तो वितळून उकळला, झाकणाच्या फटीतून बाहेर आला आणि आरात जळून सगळ्या कोहळ्याला त्या जळक्या गुळाचा वास लागला. तेव्हापासून गूळ शेवटच्या वीस मिनिटांतच.

झाकण बसवून तुराटीच्या (तुरीच्या वाळलेल्या झाडाच्या) दोन-तीन बारीक काड्या टोचून पक्कं करा आणि झाकणाजवळ सुरीनं एक भोक पाडा वाफ जायला. हे भोक विसरू नका. आमच्या शेजारच्या वावरात एकदा कोणीतरी अख्खं कोहळं न टोचता तसंच आरात ठेवलं होतं, आत वाफ कोंडली आणि ते फुटलं, निखारे दूरपर्यंत उडाले, लहान पोरं जवळच बसली होती, नशीब कोणाला लागलं नाही.

आर कसा पाहिजे तर धूर पूर्ण गेलेला. गोवऱ्या चांगल्या वाळलेल्या घ्या, पेटवायला तुराट्या चालतात पण त्या भुर्रकन जळून जातात, त्यांचा आर टिकत नाही, सोबत बाभळीची दोन लाकडं असली तर आर बराच वेळ राहतो. पऱ्हाट्या मी कोहळ्याला वापरत नाही, कपाशीवर किती फवारण्या झालेल्या असतात ते आपल्याला माहीतच आहे. गोवऱ्या जळून लाल झाल्या आणि वर राखेचा पातळ थर आला की काठीनं आर पसरवा, रोडगे मधे आणि कोहळं कडेला. मधली आच रोडग्यांना लागते, कोहळ्याला कडेची मंद आच पुरते आणि त्याला वेळही जास्त लागतो, म्हणून कोहळं रोडग्यांच्या अर्धा तास आधी ठेवा. खाली दोन बोटं राख, त्यावर कोहळं, आणि बाजूनं निखारे ओढून कमरेपर्यंत भरा. वर झाकणावर निखारे नका ठेवू.

दर वीस मिनिटांनी चिमट्यानं नाहीतर ओल्या पोत्यानं धरून थोडं थोडं फिरवायचं, झाकण वरच राहिलं पाहिजे, आडवं करायचं नाही. साल काळी पडेल, वांग्याच्या भरतासारखी, घाबरू नका. एका तासानं तुराटीची काडी बाहेरून सालीतून आत टोचून बघा, लोण्यात जाते तशी गेली की झालं, अडखळली तर अजून पंधरा मिनिटं. आता झाकण काढा. आत तळाला कोहळ्याचं स्वतःचंच पाणी जमलेलं दिसेल, सासूबाई म्हणायच्या ते हेच पाणी. ते फेकायचं नाही. त्यातच आता बारीक केलेला गूळ घाला, दीड-दोन किलोच्या कोहळ्याला साधारण शंभर ग्रॅम, म्हणजे छोटी वाटीभर, दोन चमचे तूप आणि वेलची, आणि झाकण न लावता उघडंच वीस मिनिटं कडेला राहू द्या. अधूनमधून चमच्यानं तो रस आतल्या भिंतींवर फिरवत राहा. पातळ पाणी होतं ते दाट होतं, गराच्या आतल्या बाजूला चकाकी येते, कडा जराशा सुरकुततात. वास असा येतो की पोट्टे आपणहून जवळ येऊन बसतात.

बाहेर काढून दहा मिनिटं कोपरात (परातीत) राहू द्या, लगेच वाढलं तर जीभ पोळते, गुळाचा चटका वाईट असतो. मग उभ्या फोडी कापून नाहीतर सरळ चमच्यानं गर काढून वाढा.

घरी गॅसवर

रोज कोणी आर करत नाही, खरं आहे. गॅसवर जाड बुडाची लोखंडी कढई किंवा जुना जर्मनचा गंज (ॲल्युमिनियमचं पातेलं) घ्या, नॉनस्टिक घेऊ नका, कोरड्या तापात ते खराब होतं. तळाला अर्धा किलो जाडं मीठ पसरा, त्यावर कुकरची जाळी नाहीतर छोटी वाटी उलटी, वर घट्ट बसणारं झाकण, आणि दहा मिनिटं मध्यम आचेवर नुसतंच तापू द्या. हे मीठ खायचं नाही, डब्यात भरून ठेवा, असंच भाजायला पुन्हा पुन्हा वापरता येतं. कुकर वापरत असाल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढून टाका.

१ किलो कोहळ्याच्या चार बोटं जाडीच्या फोडी करा, सालीसकट, चार-पाच जणांना तोंडी लावायला पुरतात. तूप आणि मीठ चोळून स्टीलच्या ताटलीत साल खाली ठेवून एका थरात लावा, एकावर एक रचल्या तर त्या भाजत नाहीत, वाफवल्या जातात. ताटली कढईत, झाकण बंद, मध्यमपेक्षा थोडी कमी आच, पस्तीस-चाळीस मिनिटं. झाकणाच्या आत पाणी जमतं ते दर दहा-बारा मिनिटांनी पुसून टाका, नाहीतर तेच पाणी फोडींवर टपकतं. मऊ झाल्या की गुळाचा रस लावा आणि झाकण थोडं तिरकं ठेवून अजून पंधरा मिनिटं. एवढं करूनही वरून रंग आगीतल्यासारखा येत नाही हे मी आधीच सांगते, म्हणून शेवटी मी तवा कडक तापवून थोड्या तुपावर फोडी गराच्या बाजूनं दोन-दोन मिनिटं टेकवते, सराट्यानं (उलथन्यानं) हळूच उलटायच्या, मोडतात. ह्यानं बरंच जमतं.

ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असेल तर सगळ्यात सोपं. २०० डिग्रीवर दहा मिनिटं आधी तापवून घ्या, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, ट्रेमध्ये फोडी गराची बाजू खाली करून तीस-पस्तीस मिनिटं, मग उलटून गुळाचा रस लावून पंधरा-वीस मिनिटं. मधेच लाईन गेली तर दार उघडून बघत बसू नका, आतली गरमी बराच वेळ राहते, लाईन आली की गेलेल्या वेळाच्या अर्धा वेळ वाढवा. मायक्रोवेव्हमध्ये मी करून बघितलं, मऊ होतं पण ते उकडल्यासारखंच, म्हणून त्याबद्दल लिहित नाही.

गुळाचा रस

नुसता गूळतूप लावलं तरी काही कमी नाही. पण शरदात आपल्याकडे आंबिया बहाराचा संत्रा यायला लागतो, ऑक्टोबरातला पहिला संत्रा थोडा हिरवट आणि आंबट असतो, तो नुसता खायला एवढा आवडत नाही पण ह्या कामाला तोच पाहिजे, कारण कोहळं गोड, गूळ गोड, तूप जड, ह्या सगळ्यात काहीतरी आंबट हवंच असतं. वरूड-मोर्शीकडची, आमच्या भागातली, काटोल-नरखेडची माणसं ज्यांच्या घरी गळालेली संत्री पडून असतात त्यांनी तर हे करूनच बघावं. १ किलो कोहळ्याला दोन संत्र्यांचा रस, बिया पडू देऊ नका, कडू होतं, ६०-७० ग्रॅम गूळ, दोन चमचे तूप, छोट्या गंजात उकळायला ठेवा, पाच-सहा मिनिटांत बोटाला चिकटेल इतकं दाट होतं. त्यात अर्ध्या संत्र्याची साल वरवरची किसून घाला, पांढरा भाग येऊ देऊ नका. वेलची चार-पाच, नाहीतर जायफळ थोडं, दोन्ही एकदम नको. भिवापुरी मिरचीचं तिखट अगदी चिमूटभर घातलं तर माझ्या मते गोडी अजून खुलते, पण घरात सगळ्यांना पटत नाही, पोरांच्या वाट्याला बिनतिखटाचं ठेवते.

वरून घालायला भाजलेले तीळ, चारोळी, आणि मेळघाटाकडून कोणी आणून दिली तर वाळलेली मोहफुलं. मोहफुलं आधी निवडून आतले केसर काढा, धुवा, थोड्या तुपात परता, फुगतात, बेदाण्यांपेक्षा कितीतरी छान लागतात आणि मग गूळ अर्धाच पुरतो. काजू-बदाम घालायची काही गरज नाही.

तूप कमी करू नका असंही सांगते. कोहळ्याच्या केशरी रंगात बीटा कॅरोटिन असतं, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि ते तेलातुपाशिवाय अंगी लागत नाही. गुळाचं मात्र ज्यांना शुगर आहे त्यांनी बघावं, आमच्या मामाजींसाठी मी गूळ लावायच्या आधीच त्यांच्या फोडी बाजूला काढते, चांगलं ठेवलेलं कोहळं असेल तर नुसतं तूपमीठ लावूनही ते खातात आणि तक्रार करत नाहीत.

ताटात काय काय असावं ह्यावर माझं मत पक्कं आहे. पाटोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) झणझणीत रस्सा, ज्वारीची भाकर आणि बाजूला ह्या दोन फोडी. नाहीतर अंबाडीची आंबट भाजी, भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कोहळं. रोडग्यांसोबत वांग्याची भाजी असतेच, तिथे तर हे जमतंच जमतं. श्रीखंड-पुरीच्या ताटात वाढू नका, तिथे ह्याची चव मारली जाते.

भुलाबाईच्या (पोरींच्या गाण्यांच्या सणाच्या) महिन्यात, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, पोरी घरोघर जातात आणि गाणी झाली की झाकलेली खिरापत ओळखायची असते, डबा हलवून बघतात, आवाजावरून शेंगदाणे म्हणतात, लाह्या म्हणतात, चिवडा म्हणतात. मी एका वर्षी हे भाजलेलं कोहळं ठेवलं होतं, गार करून चौकोनी फोडी, वर तीळ. डब्यातून आवाजच येईना! पोरींनी शिरा सांगून बघितला, वड्या सांगितल्या, पेढा सांगितला, गोड आहे एवढंच मी सांगितलं, शेवटी एका सात-आठ वर्षांच्या पोरीनं डब्याला नाक लावलं आणि म्हणाली "काकू, तुमच्या वावरात रोडगे होते ना त्या दिवशी, तोच वास येऊन राह्यला." तिला दोन फोडी जास्त दिल्या. त्यानंतर दरवर्षी एक दिवस कोहळ्याचाच असतो, आता त्या आल्याआल्या डबा हलवायच्या आधी हुंगतात.

उरलं तर दुसऱ्या दिवशी गर कुस्करून कणकेत घालून बोंडं करा, भाजलेल्या गरात पाणी कमी असतं म्हणून कणीक कमी लागते आणि बोंडं आतून मऊ राहतात. किंवा तसंच गार दुधासोबत. फ्रिजमध्ये झाकून दोन-तीन दिवस चालतं, आगीवरचं असेल तर त्याआधीच संपतं.

आणि बिया. तंतूंसकट पाण्यात टाकून हातानं चोळल्या की सुटतात, एक दिवस सुकवून मंद तव्यावर मीठ लावून भाजा, तडतडायला लागल्या की उतरवा. सगळ्या मात्र खाऊ नका. ज्या कोहळ्याची गोडी चांगली निघाली, गर गडद निघाला, त्याच्या वीस-पंचवीस टपोऱ्या बिया भाजायच्या आधीच बाजूला काढा, राखेत घोळून सावलीत आठ दिवस वाळवा आणि कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. दुकानातून आणलेलं हायब्रिड असेल तर त्याच्या बियांपासून तसंच फळ येईल असं नाही, गावठी नाहीतर सुधारित सरळ वाणाच्याच ठेवा, आणि कडू निघालेल्या कोहळ्याची एकही बी ठेवू नका. मृगाचा पाऊस पडला की कुडाजवळ नाहीतर धुऱ्यानं एका आळ्यात तीन-तीन बिया टोचायच्या, शेणखत चांगलं कुजलेलं घालायचं, आणि वेल वाढला की कोणत्या वेलाचं बी कोणत्या कोहळ्याचं होतं ते लक्षात राहावं म्हणून आम्ही तिथे एक काडी रोवून तिला चिंधी बांधतो.